चांगलं यंत्र बनवणारी कंपनी बुडते कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमची छोटी कंपनी मोजमापाचं एक उपकरण बनवते. ऑर्डर दर सहा महिन्यांनी दुप्पट होत आहेत, हिशेबात नफा दिसतो, ग्राहक समाधानी आहेत. तरी बँकेत पैसे उरत नाहीत. कोडॅक, ब्लॅकबेरी अशा कंपन्या नवं काही न केल्यामुळे बुडाल्या असं सगळीकडे वाचतो. आम्ही तर नवंच करतोय. मग आम्ही नेमकं कशाला घाबरायचं?"

या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती "ऑर्डर दर सहा महिन्यांनी दुप्पट" या शब्दांची. कोडॅककडे नंतर येतो.

मी २६ वर्षं उत्पादन आणि पुरवठ्याच्या बाजूला काम केलंय. या काळात दोन कंपन्या माझ्या डोळ्यांदेखत बंद पडल्या. दोन्हींचं उत्पादन चांगलं होतं. एकीचं तर बाजारातलं सर्वोत्तम होतं, असं आजही म्हणेन. म्हणून "उत्पादन चांगलं असेल तर बाकीचं जमून येतं" असं कोणी सांगायला लागलं की मी त्याला मध्येच थांबवतो.

हार्डवेअरमध्ये पैसे आधी जातात आणि खरी माहिती मागाहून येते. साच्याचा खर्च, चिपसाठी भरलेली आगाऊ रक्कम, कंत्राटी कारखान्यात राखून ठेवलेले दिवस, जहाजावरचा कंटेनर, हे सगळं ग्राहकाने खोकं उघडण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. माल खरंच खपला का, वर्षभर टिकला का, किती नग परत आले, हे कळायला त्यानंतर सहा महिने ते दोन वर्षं लागतात. सॉफ्टवेअरमधली चूक बहुतेक वेळा त्याच आठवड्यात दुरुस्त करून पाठवता येते. इथे चूक कळते तेव्हा ती हजारो नगांमध्ये बसून लोकांच्या घरी पोहोचलेली असते. पैसे जाणं आणि माहिती येणं यांच्यामधला हा काळ लहान कंपनीत काही महिन्यांचा असतो, मोठ्या कंपनीत कधीकधी २० वर्षांचा. बुडलेल्या कंपन्यांचं खरं मरण या मधल्या काळात होतं, जाहीर मात्र नंतर होतं.

आता तुमचा हिशेब करू. चलन कुठलंही धरा. एका नगाची विक्री किंमत १००. सुटे भाग, जोडणी, वाहतूक धरून खर्च ६५. पगार, भाडं वगैरे नगामागे २५. म्हणजे नफा १०. पहिली खेप १,००० नगांची. मालाचे ६५,००० आधीच भरलेत, विक्रीतून १,००,००० आले, त्यातले २५,००० पगारभाड्यात गेले. हातात ७५,००० राहिले आणि १०,००० नफा कागदावर आला. पुढची खेप २,००० नगांची, तिला १,३०,००० हवेत. ५५,००० कमी पडले, ते कुठूनतरी उसने आणले. ती खेपही छान विकली गेली: २,००,००० आले, ५०,००० खर्चात गेले, १,५०,००० हातात. तिसरी खेप ४,००० नगांची, तिला लागतात २,६०,०००. आणखी १,१०,००० उसने. म्हणजे दोन खेपांत ३०,००० नफा आणि डोक्यावर १,६५,००० कर्ज, व्याज अजून धरलेलंच नाही. या सगळ्यात कुणीही चूक केलेली नाही. कंपनी वाढते आहे, एवढंच.

यात मी असंही गृहीत धरलं आहे की एका खेपेचे पैसे पुढची खेप मागवायच्या आत येतात. प्रत्यक्षात तसं होत नाही. भाग मागवल्यापासून ते हातात पडेपर्यंत १२ ते १६ आठवडे, जोडणी आणि तपासणीला ३, जहाजाला ५, वितरकाची उधारी ६० दिवसांची, आणि तो ती ७५ करतो. सात-आठ महिने तुमचा पैसा मालाच्या रूपात फिरत असतो. याच काळात एखादा खरेदीदार ऑर्डर पुढे ढकलतो किंवा बँक कर्जाची मर्यादा वाढवायला नकार देते, आणि नफ्यातली कंपनी पगार द्यायला असमर्थ होते. माझ्या पहिल्या कंपनीचं हेच झालं. शेवटच्या महिन्यात आमच्याकडे त्या वर्षातल्या सर्वाधिक ऑर्डर होत्या.

हे चक्र उलटंही फिरवता येतं. डेलने १९९०च्या दशकात ग्राहकाकडून पैसे आधी घेतले, संगणक मग जोडला आणि पुरवठादाराला पैसे त्यानंतर दिले. त्यामुळे विक्री वाढली की तिथे रोकडही वाढायची. ॲपलची १९९७ सालची अवस्था आठवा: वर्षभरात सुमारे १ अब्ज डॉलर तोटा, उत्पादनांची इतकी मॉडेल्स की विक्रेत्यांनाही फरक सांगता येत नव्हता. स्टीव्ह जॉब्स परतले, त्यांनी मॉडेल्सची संख्या निर्दयपणे छाटली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या इतकंच महत्त्वाचं काम १९९८ मध्ये टिम कुक आल्यावर झालं. त्यांनी गोदामं बंद केली आणि जवळपास महिनाभराचा साठा काही दिवसांवर आणला. त्या वेळच्या आयमॅक संगणकाचा रंग लोकांच्या लक्षात राहिला. मी मात्र कारखान्यातल्या नव्या माणसांना नेहमी साठ्याची गोष्ट आधी सांगतो.

कारण साठ्यात चूक लपून राहते. वितरकाने माल उचलला की आपण तो "विकला" म्हणून लिहितो. तो फक्त आपल्या गोदामातून त्याच्या गोदामात गेलेला असतो. टंचाईच्या काळात तर हे आणखी फसवं होतं. भाग मिळत नाहीत म्हटल्यावर प्रत्येक जण गरजेच्या दुप्पट मागणी नोंदवतो, तीही तीन ठिकाणी, आणि माल जिथून आधी मिळेल तिथून घेऊन बाकीच्या ऑर्डर रद्द करतो. नेटवर्कची उपकरणं बनवणारी सिस्कोसारखी हुशार माणसांची कंपनी यात सापडली. २००० साली मागणी इतकी होती की त्यांनी भागांचे लांब मुदतीचे करार करून ठेवले. इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला आणि २००१ मध्ये त्यांना २ अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा साठा हिशेबातून काढून टाकावा लागला. सिस्को तरली, कारण मार्जिन मोठं होतं आणि तिजोरी भरलेली होती. पुढे ब्लॅकबेरीवर तीच वेळ आली तेव्हा तिची तिजोरी आटत चालली होती. झेड१० हा फोन २०१३च्या जानेवारीत आला, सप्टेंबरमध्ये मुख्यतः त्याच्याच न विकल्या गेलेल्या मालापोटी ९० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बुडीत धरावी लागली. फोन वाईट नव्हता. पण किती खपेल याचा अंदाज कारखान्याला आठ-दहा महिने आधी द्यावा लागतो, आणि अंदाज देणारी माणसं कंपनीच्या जुन्या दिवसांच्या मापाने मोजत होती.

पेबलचं मला वैयक्तिक वाईट वाटतं. स्मार्ट घड्याळ लोकांना हवंसं वाटेल हे त्यांनी मोठ्या कंपन्यांच्या आधी सिद्ध केलं. २०१२ मध्ये लोकवर्गणीतून १ कोटी डॉलरहून अधिक जमवले, २०१५ मध्ये २ कोटींहून अधिक, आणि एकूण २० लाखांवर घड्याळं विकली. बॅटरी आठवडाभर टिकायची. २०१६च्या डिसेंबरमध्ये कंपनी बंद झाली आणि तिची मालमत्ता फिटबिटकडे गेली. संस्थापकाने पुढे स्वतः प्रांजळपणे लिहिलं की २०१५ मध्ये विक्रीचा अंदाज चुकला, माल अंगावर पडला, आणि कंपनी नेमकी कोणासाठी घड्याळ बनवते आहे हे धूसर झालं होतं. एक सुट्टीचा हंगाम चुकला, बस. आठ कोटी डॉलरच्या आसपास विक्री असलेल्या कंपनीला तेवढं पुरलं.

आता दर्जाबद्दल. इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या एका उपकरणात पाणी आत जाऊ नये म्हणून रबराची एक साधी कडी होती. उपकरणातला बहुधा सर्वात स्वस्त भाग. पुरवठादाराने रबराचं मिश्रण बदललं. कडकपणा तोच, माप तेच, म्हणून आमच्या येणाऱ्या मालाच्या तपासणीत काही सापडलं नाही. आठव्या महिन्यात पहिलं उपकरण परत आलं, आतमध्ये गंज. आम्ही त्याला एकटादुकटा नग समजलो. दहाव्या महिन्यात ४० आले. तोवर १२,००० नग लोकांच्या हातात होते आणि ५,००० वाटेवर. त्या आठवड्यात वाटेवरचा माल थांबवायचा की नाही यावर बैठक झाली. तिमाही संपायला नऊ दिवस होते. माल गेला. त्या कागदावर माझीही सही आहे, आणि तो निर्णय चुकीचा होता. पुढच्या वर्षी वॉरंटीचा खर्च आमच्या सगळ्या नफ्यापेक्षा मोठा झाला. पण त्याहून मोठं नुकसान असं की आमचे सहा सर्वोत्तम अभियंते नव्या मॉडेलवरून काढून जुन्याच्या दुरुस्तीला लावावे लागले. नवं मॉडेल १४ महिने उशिरा आलं आणि तोवर प्रतिस्पर्धी पुढे गेलेला होता.

ए१२३ सिस्टिम्स या अमेरिकन बॅटरी कंपनीची कथा याच जातीची, फक्त आकडे मोठे. मिशिगनमधल्या कारखान्यातलं एक वेल्डिंग यंत्र नीट जुळवलेलं नव्हतं. त्यातून सदोष सेल मोटारींपर्यंत पोहोचले. २०१२च्या मार्चमध्ये बदलून देण्याचा खर्च ५.५ कोटी डॉलर सांगितला गेला, ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज. आधीच पैसा जळत होता, विजेवर चालणाऱ्या मोटारींची मागणी अपेक्षेइतकी नव्हती, हे खरंच. पण श्वास घ्यायला जी जागा होती ती त्या यंत्राने संपवली. उलट एक्सबॉक्स ३६० हा खेळांचा कन्सोल तापून बंद पडायला लागला तेव्हा मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली आणि वॉरंटी वाढवली. सॅमसंगने गॅलेक्सी नोट ७ हा फोन पूर्णच मागे घेतला. दोष त्यांचेही गंभीर होते. त्यांच्या मागे दुसऱ्या धंद्यांचा पैसा उभा होता, इतकाच फरक. एकच उत्पादन असलेल्या कंपनीला तसली चूक परवडत नाही. म्हणून लहान कंपनीत तपासणीवरचा माणूस कमी करून वाचवलेला पगार मला नेहमी सर्वात महाग वाटत आला आहे.

ऑस्बोर्नचं नाव या चर्चेत निघतंच. १९८१ साली त्यांनी सुमारे ११ किलोचा, उचलून नेता येईल असा संगणक १,७९५ डॉलरला आणला आणि तो धडाधड विकला गेला. नव्या मॉडेलची घोषणा आधी केली, विक्रेत्यांनी जुन्याच्या ऑर्डर रद्द केल्या, १९८३च्या सप्टेंबरमध्ये दिवाळं, अशी ही कथा सांगतात. मला ती अपुरी वाटते. ऑस्बोर्नचा पडदा ५ इंचांचा होता. केप्रो या दुसऱ्या कंपनीने ९ इंचांचा पडदा देऊन जवळपास त्याच किमतीला संगणक आणला होता, आणि आयबीएमच्या संगणकाशी जुळणारी यंत्रं बाजारात येत होती. आगाऊ घोषणेने घाव घातला खरा, पण तो वर्मी बसला तो रोकड नसलेल्या, जुन्या मालावर बसलेल्या कंपनीवर.

थ्रीडीएफएक्सचं उदाहरण कमी सांगितलं जातं, म्हणून सांगतो. १९९६ साली आलेल्या त्यांच्या व्हूडू या ग्राफिक्स चिपने संगणकावरच्या खेळांचं रूप बदललं. ते चिप बनवायचे, ती बसवलेली संगणकात घालायची कार्ड इतर कंपन्या बनवून विकायच्या. १९९८च्या अखेरीस त्यांनी एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी विकत घ्यायचं ठरवलं, म्हणजे सगळं मार्जिन आपल्याकडे येईल. एका फटक्यात कालचे गिऱ्हाईक आजचे प्रतिस्पर्धी झाले आणि ते एनव्हिडिया या दुसऱ्या चिप कंपनीकडे गेले. वर कारखाना, वितरण, साठा ही कामं गळ्यात पडली, जी त्यांना कधी करावी लागली नव्हती. नव्या चिपला उशीर होत गेला. २००० सालच्या डिसेंबरमध्ये त्यांनी आपली मालमत्ता एनव्हिडियालाच विकायचं जाहीर केलं. "मधल्याचा वाटा आपणच का घेऊ नये?" हा विचार तुमच्याही मनात येईल. तो मधला माणूस तुमच्या वतीने साठ्याचा धोका उचलत असतो, हे तेव्हा आठवा.

मोठ्या कंपन्यांकडे वळतो. त्यांनी नवं केलं नाही, हे साफ चूक आहे. कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ साली डिजिटल कॅमेरा बनवला: साडेतीन किलोच्या वर वजन, एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. २००५च्या सुमारास अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत कोडॅक पहिल्या क्रमांकावर होती. अडचण नफ्याच्या जागेची होती. कॅमेरा विकून जे मिळायचं ते फिल्म, कागद आणि रसायनांच्या मिळकतीपुढे नगण्य होतं, आणि फिल्मसाठी उभारलेला कारखाना अर्ध्या क्षमतेवर चालवला तर नफा अर्धा होत नाही, तो नाहीसाच होतो. फिल्मचा थर ओढणारं अजस्र यंत्र, त्यामागची रसायनं, अंधारात काम करायला शिकलेली माणसं. रॉचेस्टर शहरात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कोडॅकचे सुमारे ६०,००० कर्मचारी होते. २००७ मध्ये तिथल्या मोठ्या इमारती स्फोटाने पाडल्या गेल्या, २०१२च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज झाला. फुजीफिल्मसमोर तोच खड्डा होता. त्यांनी आपल्याकडे फिल्मव्यतिरिक्त नेमकं काय आहे ते तपासलं: पातळ थर अचूक पसरवण्याची कला. त्यातून एलसीडी पडद्यांसाठी लागणारी संरक्षक फिल्म वाढवली, फिल्ममध्ये लागणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाच्या ज्ञानातून सौंदर्यप्रसाधनं काढली. कारखान्यातलं ज्ञान त्यांनी वाचवलं, आणि फोटो फिल्मची क्षमता स्वतःहून वेदनादायक वेगाने कमी केली.

डीईसी, म्हणजे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही अमेरिकन संगणक कंपनी, मला जास्त सलते. १९५७ साली मेनार्डमधल्या जुन्या लोकरीच्या गिरणीत सुरू झालेली कंपनी, पीडीपी-८, पीडीपी-११, व्हॅक्स हे तिचे गाजलेले संगणक, आणि शिखरावर १,२०,००० हून अधिक माणसं. पुढची प्रोसेसर रचना त्यांच्याच घरात तयार होत होती. प्रिझम नावाचा तो प्रकल्प १९८८ मध्ये रद्द झाला, आणि त्यावर काम करणारे डेव्ह कटलर त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. तिथे त्यांनी विंडोज एनटी ही कार्यप्रणाली उभी केली. डीईसीची अल्फा चिप १९९२ मध्ये आली, वेगात अव्वल. पण ती विकायला लागणारी बाजारपेठ तोवर दुसऱ्यांनी बांधली होती. १९९८ मध्ये कॉम्पॅक या संगणक कंपनीने डीईसी ९.६ अब्ज डॉलरला घेतली. व्हॅक्सचं मार्जिन चांगलं होतं म्हणून प्रिझम नकोसा वाटला, असं मी समजतो. चालू उत्पादनाचा नफा उद्याच्या उत्पादनाविरुद्ध साक्ष देतो, आणि बैठकीत त्याच्या बाजूला सगळे आकडे असतात.

आतून पडझड कशी दिसते, तेही लिहितो, कारण बाहेरच्या बातम्यांत ते येत नाही. पुरवठादार आधी ओळखतात. उधारीवर माल देणारा माणूस अचानक आगाऊ पैसे मागतो. मग खरेदी विभाग "पर्यायी भाग" शोधू लागतो, तेही अभियंत्यांना न विचारता. तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात गोदामाचे दिवे रात्रभर चालू राहतात, कारण माल वितरकाकडे ढकलायचा असतो. दुरुस्तीसाठी आलेल्या नगांतले भाग काढून नव्या नगांत बसवायची भाषा सुरू होते. आणि जी माणसं पूर्वी बैठकीत वाद घालत होती ती गप्प होतात. दुसऱ्या कंपनीत मला या शेवटच्या गोष्टीवरून कळलं होतं, हिशेब पाहायच्या आधी.

कंपनी गेल्यावर यंत्रांचं काय होतं, याचा विचार आपल्या धंद्यात फार कमी होतो. रिव्हॉल्व्ह हे घरातली उपकरणं चालवणारं यंत्र २०१६च्या मे महिन्यात दूरच्या सर्व्हरवरून बंद केलं गेलं, आणि पैसे देऊन घेतलेली चालू यंत्रं निकामी झाली. पेबलच्या ग्राहकांचं नशीब बरं. रेबल नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने सेवा पुन्हा उभ्या केल्या. तुमचं उपकरण तुमच्या सर्व्हरशिवाय मूळ काम करू शकतं का, हे आजच पाहून ठेवा. ग्राहकाने तुमच्यावर विश्वास टाकून पैसे दिलेत, तुमच्या पुढच्या गुंतवणुकीवर नव्हे.

आता तुम्ही काय करायचं. सगळ्यात आधी पुढच्या २६ आठवड्यांचा रोख रकमेचा तक्ता बनवा, नफ्याचा नाही: कुठल्या आठवड्यात किती जाणार, किती येणार. येणाऱ्या प्रत्येक रकमेला ३० दिवस उशीर धरा आणि कुठल्या आठवड्यात शिल्लक शून्याखाली जाते ते बघा. मग वितरकांकडून त्यांच्या गोदामातली शिल्लक दर आठवड्याला मागा. देत नसतील तर त्यांच्या ऑर्डरला मागणी समजू नका. पुढची खेप दुप्पट करण्याऐवजी दीडपट करा आणि किंमत थोडी वाढवून पाहा. लोक थांबायला तयार असतील तर ते तुमच्या बाजूने आहे. मोठ्या खरेदीदाराकडून भागांच्या खर्चाइतकी आगाऊ रक्कम मागायला लाजू नका. पुरवठादाराशी करारात एक ओळ घाला: पदार्थ, मिश्रण किंवा कारखाना बदलल्यास आधी लेखी कळवणं बंधनकारक. प्रत्येक खेपेतले २० नग तुमच्याकडे ठेवा आणि उष्णता, दमटपणा, धूळ यांत चालू ठेवा, म्हणजे आठव्या महिन्यातला दोष तुम्हाला तिसऱ्या महिन्यात दिसण्याची शक्यता वाढेल.

आणि माल थांबवायचा अधिकार अशा एका माणसाला द्या ज्याचा पगार किंवा बोनस त्या तिमाहीच्या विक्रीवर अवलंबून नाही. आमच्याकडे त्या नऊ दिवसांत तसा माणूस नव्हता.